भरभर वाचन, टिपण आणि स्मरण

पांढुर्णा-सौसर भागातील आपली बहुतेक मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि घरी मराठी बोलतात. स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत ‘वाचतो खूप, पण आठवत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बँकेत असताना आमचेही तेच होत असे. परिपत्रक भराभर वाचून सही करायची आणि आठवड्याने ग्राहकाने नियम विचारला की पुन्हा फाईल शोधायची. वाचून झाल्यावर आम्ही काहीच करत नव्हतो, चूक तिथे होती.

वेग कुठे वापरावा

अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी १९५९ मध्ये वेगवान वाचनाचे वर्ग सुरू केले. पुढे कीथ रेनर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. वेग फार वाढवला की आकलन घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून वेग निवडीसाठी वापरावा. आधी पाच मिनिटांत शीर्षके, तक्ते, पहिला व शेवटचा परिच्छेद पाहावा. मग महत्त्वाचा भाग सावकाश वाचावा.

आपल्या मुलांना आणखी एक सावधगिरी हवी. हिंदी-मराठीची लिपी एक असल्याने डोळा फसतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत.

टिपण कसे काढावे

कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांची पद्धत सोपी आहे. पानावर उभी रेघ मारून उजवीकडे मुद्दे, डावीकडे त्यांचे प्रश्न आणि खाली सारांश लिहायचा. आमची भर एवढीच की मुद्दे पुस्तक मिटून लिहावेत. उदाहरणार्थ :

प्रश्न : नागपूर व आपला भाग वेगळ्या राज्यांत कधी गेले?
मुद्दा : १ नोव्हेंबर १९५६. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले.

लक्षात कसे राहते

रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. म्हणून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. अडले तेवढेच पुन्हा वाचावे.

घरच्यांनी काय करावे

रात्री जेवताना ‘आज काय वाचलेस, सांग बरं’ एवढे विचारावे. हिंदीत वाचलेला धडा मुलाने आजीला मराठीत समजावला, की तो त्याला कळला आहे असे खुशाल समजावे. उजळणी तर होतेच, शिवाय घरातली मराठीही बोलती राहते.