फिल्मची छिद्रं, इंजिनीअरांची सोसायटी आणि आपले मिस्त्री

मंडळी, सिनेमाचा इतिहास म्हटलं की आपण हिरो-हिरोइनींचा आणि दिग्दर्शकांचा सांगतो. मशीन सांभाळणाऱ्यांचा कुणी सांगत नाही. आज तोच सांगायचाय. पोस्ट लांब आहे, पण गोष्ट शेवटी आपल्या जळकोट-उदगीरपर्यंत येते, तेव्हा पूर्ण वाचा.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांच्या घरापासून. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. तेव्हा कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. दादरच्या घरी अंधारात बसून ती छिद्रं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. छिद्र जरासं मागंपुढं झालं तर मशीनचे दात फिल्म नीट पकडत नाहीत. चित्र थरथरतं, नाहीतर फिल्म फाटते. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला त्यात या बाईंचा केवढा वाटा होता, विचार करा. पण त्यांना 'तंत्रज्ञ' कुणी म्हटलं नाही.

हाच छिद्रांचा प्रश्न तिकडं अमेरिकेतही होता. ३५ मिलिमीटर रुंदी आणि एका चित्रामागं चार छिद्रं हे माप एडिसनच्या कारखान्यापासून रूढ झालं होतं, पण बारीकसारीक मापं ज्याची त्याची वेगळी. १९१६ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस जेन्किन्स नावाच्या संशोधकानं वॉशिंग्टनमध्ये काही इंजिनीअर जमवले आणि सोसायटी ऑफ मोशन पिक्चर इंजिनीअर्स काढली. काम साधं होतं : एकत्र बसायचं, माप ठरवायचं, छापायचं आणि सगळ्यांना द्यायचं. १९५० ला नावात टेलिव्हिजन आलं आणि ती 'एसएमपीटीई' झाली.

याचा आपल्याला काय फायदा? मुंबईत छापलेली प्रिंट पेटीतून मराठवाड्यातल्या यात्रेत यायची, आणि तंबूतल्या कुठल्याशा जुन्या मशीनवर बिनबोभाट चालायची. मशीन परदेशी, फिल्म तिसऱ्याच देशातली, तरी दात आणि छिद्रं जुळायची. कारण कुठंतरी माणसांनी बसून एक माप मान्य केलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा बनवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले पुढं 'प्रभात'चे ध्वनिमुद्रक झाले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' बोलला तो त्यांच्या कामामुळं. यातल्या कुणाकडं सिनेमाच्या इंजिनीअरिंगची पदवी नव्हती, कारण तशी शाळाच नव्हती. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील समितीनं १९५१ च्या अहवालात अशी संस्था काढा असं सुचवलं. १९६० ला पुण्यात प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण दिल्लीहून तिथं आलं १९७४ ला.

मुंबईत कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक यांच्या वेगवेगळ्या संघटना झाल्या, त्या पश्चिम भारत महासंघात एकत्र आल्या. पण संघटना आणि सोसायटी यात फरक आहे. संघटना मजुरीसाठी भांडते, ते गरजेचंच आहे. सोसायटी ज्ञान वाटते. एसएमपीटीईचा भारतातला विभागही आता आहे, आणि जुन्या चित्रपटांच्या जतनाचं काम करणारे उज्ज्वल निरगुडकर या मराठी माणसानं त्याचं नेतृत्व केलंय. अभिमानाची गोष्ट आहे.

आता आपल्याकडं या. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. उदगीर तालुका तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात. कोल्हापूर-पुणे-मुंबईत जे घडलं त्याचा वारा इथं उशिरा लागला. १९७५-७६ मध्ये इस्रोनं उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग केला. सहा राज्यं निवडली. सीमेपलीकडचे गुलबर्गा आणि मेदक जिल्हे त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे शेजारच्या गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही, आणि आपण कोरडे! त्या प्रयोगात संच बसवणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते चालू ठेवणं. त्यासाठी दुरुस्तीची माणसं आणि सुटे भाग यांची व्यवस्था लावावी लागली.

आपल्याकडं ती व्यवस्था कुणी लावलीच नाही. अंबाजोगाईचं प्रक्षेपण केंद्र आलं, घराघरांवर अँटेना आल्या, आणि दुरुस्ती शिकली ती पोरांनी दुकानात स्टुलावर बसून, सोल्डरिंगचे चटके खात. टॉकीजचे ऑपरेटर असेच घडले, केबलवाले असेच, लग्नाची शूटिंग करणारेही असेच. एकाला कळलेली युक्ती दुसऱ्याला कळत नव्हती, कारण एकत्र बसायची जागाच नव्हती. दुकान बंद झालं की ती विद्याही गेली.

मग डिजिटल आलं. पेट्या गेल्या, हार्ड डिस्क आली. छिद्रांच्या जागी फाइलचं माप आलं, आणि तेही ठरवलं याच सोसायटीनं. प्रसार भारतीनं मार्च २०२२ पर्यंत मोजके सोडून जुने अ‍ॅनालॉग टीव्ही ट्रान्समीटर बंद करायचं ठरवलं. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट आहे, २०१६ ला तो कान महोत्सवात गेला. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे, त्यानं आपल्या डोक्यानं नवीन प्रोजेक्टर बनवलंय. अमेरिकेत असता तर सोसायटीच्या सभेत त्यानं निबंध वाचला असता. इथं त्याचं मशीन दुकानातच राहिलं.

मला एवढंच म्हणायचंय. मोठी सोसायटी मुंबईत आहे, असू द्या. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. वर्षातून दोनदा तिथं टीव्ही मेकॅनिक, केबलवाले, व्हिडिओ एडिटर आणि जुने ऑपरेटर एकत्र बसले तर खर्च किती येईल? चहाचा आणि सतरंजीचा. १९१६ लाही यापेक्षा फार मोठं काही नव्हतं. जुन्या हातांना जे येतं ते लिहून घेतलं जाईल, आणि मोबाईलवर एडिटिंग करणाऱ्या आपल्या पोरांना कळेल की आपलं काम म्हणजे इंजिनीअरिंगच आहे.

जुने ऑपरेटर आता थकलेत. हे करायचं तर लवकर करा. कुणी पुढाकार घेत असेल तर बातमी मी लावतो, आणि सतरंज्या टाकायलाही येतो.