डोक्यातली शीर

शिरूर-दौंडकडे एखादा धडधाकट पोरगा अचानक गेला, की दहाव्यापर्यंत एकच वाक्य फिरत राहतं : 'डोक्यात शीर फुटली.' बऱ्याचदा ते खरंही असतं. फक्त त्या शिरेला आधीपासून काय झालं होतं, हे त्यात येत नाही.

एरवी धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जातं आणि जोर ओसरल्यावर शिरेत उतरतं. काहींच्या मेंदूत एका जागी हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या, दोऱ्याच्या गुंत्यासारख्या. डॉक्टर त्याला 'एव्हीएम' म्हणतात. मोटारीचं पाणी थेट ठिबकच्या नळीत सोडलं तर काय होतं, हे ऊसवाल्यांना सांगायला नको. कुणाला जन्मभर काहीच होत नाही. कुणाला आधी आकडी येते. कांदा हुंगवून ती निभावली जाते.

हा गुंता जिवंत माणसात दिसण्याची सोय झाली १९२७ साली. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत औषध सोडून एक्स-रे काढला आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या फोटोत उमटल्या. (मोनिझना पुढे नोबेल मिळालं ते मेंदूचे तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. मला विचाराल तर ते या फोटोसाठी मिळायला हवं होतं.) पण दिसणं वेगळं आणि काढणं वेगळं. १९२८ मध्ये हार्वे कुशिंग यांनी अशा गुंत्यांवर लिहिलं, तेव्हा त्यांचा सूर निराशेचाच होता. १९६० मध्ये अमेरिकेत लुसेनहॉप आणि स्पेन्स यांनी धमनीतून प्लास्टिकचे बारीक गोळे सोडून गुंत्याची वाट बुजवली. मग झुरिकला यासारगिल यांचा सूक्ष्मदर्शक, स्टॉकहोमला लेक्सेल यांचं गॅमा नाइफ. यात कवटी उघडत नाहीत. किरणांनी गुंता हळूहळू बंद होतो, त्याला दोन-तीन वर्षं लागतात. १९९७ मध्ये ते मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आलं.

आणि मग उलटाच प्रश्न आला : न फुटलेल्या गुंत्याला हात लावावा का? 'अरुबा' नावाच्या चाचणीत २२३ रुग्ण होते. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात झाला, तो नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना आणि गुंत्यावर उपचार केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना. २०१३ मध्ये चाचणी मध्येच थांबवली. गुंता जन्माचा, आणि बघितलं ३३ महिने, म्हणून सर्जन अजून भांडताहेत.

फुटलेल्या शिरेबद्दल असा वाद नाही. तिथे तास मोजायचे असतात. शिरूरहून नगर रोडने, दौंडहून सोलापूर रोडने पुणं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. त्यात वाघोलीचं ट्रॅफिक. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात दुखू लागलं, उलटी झाली, तोंड वाकडं झालं, तर कांदा शोधू नका. १०८ लावा आणि सीटी स्कॅन जिथे होतो तिथेच थेट चला.