माइलेज रन
माइलेज रन : विमान कंपनीच्या सदस्य-योजनेतील वरचा दर्जा मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी केलेला विमानप्रवास. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू केली, त्यानंतर ही प्रथा अमेरिकेत रुजली. दर्जा प्रवासाच्या मैलांवर ठरे, आणि त्याचा हिशोब बहुधा वर्षाचा. म्हणून कमी पडणारे मैल भरून काढायला डिसेंबरात स्वस्त, लांबच्या, मुद्दाम वळसे घेणाऱ्या तिकिटांचा शोध चाले. पुष्कळ जण विमानतळावरूनच परतत. मोबदल्यात वरच्या वर्गातील आसन, विश्रांतिकक्ष वगैरे सवलती मिळत. कमी भाड्यात जास्त अंतर, हेच या गणिताचे मूळ. पण ‘डेल्टा’ या विमान कंपनीने २०१४ पासून दर्जासाठी खर्चाची अट घातली आणि २०२४ पासून मैलांचा निकषच काढून टाकला. भागीदार कंपन्यांच्या काही तिकिटांवर मात्र अंतर अजूनही मोजले जाते.