उरणची मिठागरं आणि परतीचा पाऊस

परतीचा पाऊस लांबला की माझ्या आजोबांची झोप उडायची. उरणच्या मिठागरात त्यांचा जन्म गेला. दसरा होऊन गेला तरी आभाळ मोकळं होत नाही, म्हणजे बांधांची डागडुजी रखडणार, वाफे उशिरा तयार होणार आणि मीठ पिकायचे दिवस तेवढेच कमी होणार, हा हिशोब त्यांना पाठ होता. मी मात्र ऑक्टोबरातले असेच कुंद दिवस धरून मिठागरावर जाते. भरती मोठी हवी, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. वर पाऊस असला तरी चालतो.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. तुतवार, चिखल्या, पाणटिवळे, टिलवे तेव्हा लांबवर पांगून चरत असतात. पाणी चढलं की चरायची जागा बुडते. तिवरांच्या दाटीत या पक्ष्यांना उतरता येत नाही. त्यांना चहूकडे नजर जाईल अशी मोकळी, उथळ जागा लागते आणि ती मिठागरात मिळते. भर भरतीला थव्यामागून थवा बांधाच्या आत उतरतो तो म्हणूनच.

ही जागा आयती मिळालेली नाही, एवढंच मला सांगायचं आहे. दुर्बिणी घेऊन येणारी मंडळी पाणथळीचं कौतुक करतात, पण आपण ज्या बांधावर उभे आहोत तो कुणी घातला, हे फारसं कुणी विचारत नाही. उरण म्हणजे जुनं करंजा बेट. बेट आणि पलीकडची जमीन यांच्यामध्ये खाजण. आगरी बायाबाप्यांनी तिथे चिखलाचे गोळे हातोहात देऊन बांध रचले, बांधात उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची दारं, बसवल्या. खारं पाणी बाहेर अडवलं तिथे भात आलं, मुद्दाम आत घेतलं तिथे मीठ. पदरचा पैसा घालून बांध उभारणारा आणि राखणारा तो शिलोत्रदार. राबणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचेच असत.

मीठ पिकवणं हे शेतीपेक्षा सोपं नाही. उधाणाचं पाणी उघाडीतून पहिल्या मोठ्या खाचरात कोंडायचं. तिथे ते उन्हाने आटलं की पुढच्या खाचरात उतरवायचं आणि पुरेसं दाट झालं की वाफ्यात सोडायचं. वाफ्याची जमीन त्याआधी पायांनी तुडवून, चोपून टणक केलेली असते. ती कच्ची राहिली तर मिठात चिखल येतो आणि दर पडतो. मीठ धरलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते बांधाकडे ओढायचं. आजोबांच्या टाचांच्या भेगांत मीठ शिरायचं. रात्री आजी खोबरेल गरम करून त्या भेगांत भरायची आणि ते दात आवळून बसायचे. पावसाळ्यात हीच खाचरं गोड्या-खाऱ्या पाण्याने भरायची, त्यात जिताडा आणि कोलंबी मिळायची. पाहुण्याला जिताडा वाढला म्हणजे त्याचा मान राखला, असं आमच्याकडे मानतात.

याच मिठाच्या खात्यातला एक अधिकारी आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षणाच्या आरंभकाळात भेटतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवून १८७६ साली तो मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात शिरला. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, रत्नागिरी अशी त्याची नोकरी फिरली. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याबरोबर एटकिन होता, आणि पहिला मानद सचिवही तोच. तो ‘ईहा’ या नावाने लिहायचा. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तक १९०० साली आलं. त्या काळी साहेबलोक खाजणात उतरत ते बहुधा पाणलाव्याच्या शिकारीला. एटकिनची नजर जिवंत पक्षी काय करतो याकडे असायची. उरणच्या मिठागरांवरून फिरलेला हा माणूस मला जवळचा वाटतो.

त्याचं खातं मात्र मला जवळचं वाटत नाही. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये झाला. तो १९०३ मध्ये दोन रुपयांवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर आला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. ज्याने मीठ ओढलं त्यालाही घरच्या डाळीत टाकायला ते कर भरलेल्या भावानेच घ्यावं लागे. १९३० च्या उन्हाळ्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला, आणि १ जूनला वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक लाठ्या खात चालून गेले. कर उठला तो १९४७ साली. मिठागर आणि पक्षी यांची गोष्ट सांगताना हा भाग गाळता येत नाही, कारण बांध राखला गेला तो याच मिठाच्या जिवावर.

गेल्या ऑक्टोबरातला एक दिवस सांगते. सकाळपासून झड लागली होती. दुर्बिणीच्या काचा पुसून पुसून ओढणी चिंब झालेली. पाणटिवळे आतल्या बांधाच्या आडोशाला, सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर उभे. त्यांच्या पुढ्यात टिलवे. टिलव्याचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, आणि तो येतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. एरवी माणूस दिसताच उठणारे हे पक्षी पावसात जागा सोडायला नाखूश असतात, म्हणून हे दिवस मला लागतात. तेवढ्यात एक भोवत्या वाऱ्यावर तिरका येत खाली उतरला. सगळा थवा एकदम उठला, पाण्यावर दोन फेऱ्या मारून परत त्याच आडोशाला बसला. आसपास दुसरी उघडी जागा त्यांना नव्हतीच.

गुजरातच्या मिठापुढे आमचं मीठ महाग पडू लागलं, मिठागरात उतरायला तरुण माणसं मिळेनाशी झाली. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि खाचरांचा भाव मिठापेक्षा भरावावर ठरू लागला. सोडून दिलेल्या बांधाला एकदा भगदाड पडलं की दर भरतीबरोबर गाळ आत येतो आणि त्या गाळात तिवर रुजतात. तिवर मला नकोत असं नाही, मासळी आणि चिंबोरी त्यांच्यावरच जगते. पण तिवरांनी भरलेल्या खाचरात टिलवा उतरत नाही. काही ठिकाणी उलट होतं. उघाडी कायमची बंद, पाणी आत येत नाही, आणि तळाला भेगा पडतात.

त्या दिवशी बांधावर आमच्या गावचे एक काका छत्री घेऊन उभे होते. मी विचारलं, “काका, ही उघाडी आता कोण बघतं?”

“कुणी नाय. फळी कुजली ती कुजलीच. पूर्वी फळी बदलायला चार माणसं यायची, भरतीच्या आत काम उरकायची.” मग पक्ष्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हे आले की आम्ही फावडी काढायचो.”

मिठागरावर राबणाऱ्यांनाही हे पक्षी असे माहीत होते, आणि एटकिनच्याही आधीपासून असणार. त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. माझ्या नोंदवहीत पक्ष्यांच्या रकान्याशेजारी मी आता आणखी दोन रकाने आखले आहेत, बांध आणि उघाडी. त्या दिवशी तिथे लिहिलं: आतला बांध शाबूत, बाहेरचा पूर्वेला दोन हात खचलेला, उघाडीची खालची फळी नाही.