मिरजेचे तंतुवाद्यकार

आम्ही कवठे महांकाळचे लोक बाजारासाठी, दवाखान्यासाठी मिरजेस नित्य जातो. परंतु तेथील सतारमेकर गल्लीत डोकावणारे आमच्यांत विरळाच. ज्ञातीच्या अंकात परक्या ज्ञातीची हकीकत कशाला, असे कोणी म्हणेल. पण ती सर्वच कारागीर कुळांनी वाचावी अशी आहे.

शिकलगार म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि त्यांबरोबर शिकलगाराची रोजीही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडविण्यास आरंभ केला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तो वाळवून, पोखरून त्यावर लाकडी तबली व दांडी बसवावयाची. खरी कसोटी जवारीची. घोडीचा माथा कानसेने इतक्या बेताने घासावयाचा की, तार त्यास जेमतेम स्पर्शून गुंजत राहावी. हे माप पट्टीवर नाही, कानात आहे. पाते परजणारा हातच येथे कामी आला असावा, असे आम्हांस वाटते. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई (मृत्यू १९३७) मिरजेत राहिल्याने कारागिरांस पारखी कान घरबसल्या लाभले.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले, हे चांगलेच झाले. पण यांत्रिक तंबोरा आता गवयाच्या खिशात मावतो आणि जवारीचे ज्ञान येण्यास वर्षे लागतात. तितकी वर्षे शिकाऊ मुलास पोसावे कोणी? तूर्त, जवारी लावून घेण्यास गवई मिरजेसच येतात.