धावफलकामागचे पगारपत्रक

भाऊसाहेब निंबाळकर हे नाव काढले की क्रिकेटवेडा मराठी माणूस एकच आकडा सांगतो : नाबाद 443. आकडा खरा आहे, आणि रणजी स्पर्धेत आजही त्याच्या पुढे कुणी गेलेले नाही. पण या एका आकड्याच्या झगमगाटात निंबाळकरांची बाकीची कारकीर्द झाकोळून गेली. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा नावांच्या संघांकडून ते खेळले, हे किती जणांना ठाऊक असते? 1919 मध्ये कोल्हापुरात जन्मलेला हा फलंदाज 1939-40 पासून पुढची पंचवीस वर्षे संघ बदलत राहिला. का? हौसेसाठी, मानासाठी, की पोटासाठी? ज्याला हा प्रश्न पडला, तो खेळाडूंच्या नोकऱ्यांच्या या अभ्यासाच्या उंबरठ्यावर आलाच म्हणून समजा. या, आत या.

क्रिकेटवर मराठीत लिहिले गेले आहे ते पुष्कळ. सामन्यांची वर्णने आहेत, चरित्रे आहेत, आकडेवारी तर उदंड. खेळाडूच्या नोकरीचा इतिहास मात्र चरित्रात दोन ओळींत उरकला जातो : ‘अमुक महाराजांनी त्यांना आश्रय दिला.’ आश्रय म्हणजे नेमके काय? हुद्दा कोणता, काम कोणते, महाराजांची मर्जी उतरली तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे या क्षेत्राचे काम.

अमेरिकेत ही अडचण नाही. तिथल्या फुटबॉलमध्ये टेरेल ओवेन्स नावाचा अव्वल दर्जाचा रिसीव्हर होऊन गेला. 1996 ते 2010 या पंधरा हंगामांत तो सॅन फ्रान्सिस्को, फिलाडेल्फिया, डॅलस, बफेलो आणि सिनसिनाटी असा पाच गावांचे पाणी प्यायला. त्याच्या प्रत्येक मुक्कामाच्या कराराची मुदत आणि रक्कम वर्तमानपत्रांतून चघळली गेली. कुठे कुणाशी बिनसले, तेही. आपल्याकडच्या अभ्यासकाला असा आयता दस्तऐवज मिळत नाही. संस्थानी काळात खेळाडू कागदावर खेळाडू नसेच. तो सैन्यात कॅप्टन असे, नाहीतर दरबारात एखाद्या हुद्द्यावर असे. पगार त्या हुद्द्याचा, आणि काम बहुतांशी चेंडूफळीचे.

सी. के. नायडू हे याचे ठळक उदाहरण. नागपूरचे नायडू 1923 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरात आले आणि होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले. पुढे आयुष्यभर ते ‘कर्नल’ राहिले. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेलेला कर्णधार हा कागदोपत्री एका संस्थानाचा लष्करी अधिकारी होता, ही गोष्ट आपण नुसती गंमत म्हणून सांगतो. ती गंमत नाही. भारतीय क्रिकेटचा अर्थव्यवहार तिथेच दिसतो.

ही प्रस्तावना मी इंदुरात, बडा गणपतीजवळ बसून लिहितो आहे. राजवाड्याच्या पश्चिमेला, मल्हारगंजाच्या पुढे हे देऊळ आहे. गणपती सुमारे पंचवीस फूट उंच, शेंदराने माखलेला. ही मूर्ती घडवताना सात मोक्षपुऱ्यांची माती आणि ठिकठिकाणच्या तीर्थांचे पाणी मिसळले, असे इथे सांगतात. याच गावाचा होळकर संघही तसाच ठिकठिकाणच्या मातीचा होता. मुश्ताक अली तेवढे अस्सल इंदूरचे. नायडू नागपूरचे, हिरालाल गायकवाडही नागपूरचे, चंदू सरवटे सागरचे, निंबाळकर कोल्हापूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला. मुंबईसारख्या महानगराशी टक्कर देणारे हे बळ एका मध्यम संस्थानाकडे आले ते यशवंतराव होळकरांच्या खजिन्यातून. माणसे पारखून आणली, त्यांना नोकऱ्या दिल्या, घरे दिली. गुणवत्ता आपोआप उगवत नाही.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी, असे कुणी विचारले तर मी 1945-46 च्या उपांत्य सामन्याचा धावफलक पुढे ठेवीन. होळकर विरुद्ध म्हैसूर, इंदूर. होळकर 8 बाद 912 वर डाव घोषित. एका डावात सहा शतके : भांडारकर 142, सरवटे 101, जगदाळे 164, नायडू 101, निंबाळकर 172, प्रताप सिंग 100. त्याच सामन्यात सरवट्यांनी 61 धावांत 9 बळीही घेतले. रसिक इथे थांबतो आणि वाहवा करतो. अभ्यासकाने मात्र प्रत्येक नावासमोर एक रिकामा रकाना आखावा आणि त्यात लिहावे : हा माणूस याआधी कुठे होता, तीन वर्षांनी कुठे असेल?

तीन वर्षांनी, डिसेंबर 1948 मध्ये, या सहांपैकी दोघे पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना सापडतात : कमल भांडारकर आणि निंबाळकर. समोर काठेवाड. काठेवाडचा डाव 238 वर आटोपला. मग या दोघांनी दुसऱ्या जोडीसाठी 455 धावा केल्या. भांडारकर 205 वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. 494 मिनिटे, 49 चौकार, एक षटकार. महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनच्या नाबाद 452 या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि मधली सुट्टी झाली. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. एवढ्या धावा पुरे झाल्या, आता डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी बजावले. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी दोन षटकांची मुदत मागून पाहिली. ठाकोरसाहेब बधले नाहीत. संघ सामान आवरून स्टेशनवर गेला आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला.

ही कथा आजवर खिलाडूपणाच्या अभावाची म्हणून सांगितली गेली. मला ती मालकीची कथा वाटते. आपल्याच संघाच्या नावाची नाचक्की धावफलकावर कायमची कोरली जाऊ नये, एवढेच त्या कर्णधाराला दिसत होते. संघ त्याच्या घरचा असल्यासारखा होता, म्हणून तो उचलून नेता आला. पगारी कर्णधाराला ही चैन परवडली असती का?

आणखी एक बारकावा. होळकर संघाच्या त्या अकरा हंगामांतला अंतिम सामना हुकलेला एकमेव हंगाम म्हणजे हाच, भांडारकर आणि निंबाळकर महाराष्ट्राकडून खेळले तो 1948-49. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. त्याच वर्षी इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो नुसत्या सरासरीच्या तक्त्यांतून कधीच वर आला नसता.

आकडे मोजताना एक चकवा लागतो, त्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश ही तीन नावे सरवट्यांच्या कारकिर्दीत ओळीने येतात. हे तीन संघ नव्हेत. 1954-55 नंतर होळकर नाव गेले, मध्य भारत आले, आणि राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. माणूस जागचा हलला नाही, दारावरची पाटी बदलली. त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई ही सरवट्यांची फिरती मात्र खरी. 1946 मध्ये ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी 249 धावा करणारे सरवटे वकील होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. क्रिकेटवर विसंबून राहता येत नाही हे त्या पिढीतल्या जाणत्यांना पुरते कळले होते.

फिरतीचा हा इतिहास संस्थानिकांपासून सुरू होत नाही, तो त्यांच्याही मागे जातो. पाळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत, जाळी ठोकत आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत. ग्रेग नावाचा साहेब बाद होई तेव्हा आठ आणे देई, असे सांगतात. चांभार समाजातला हा डावखुरा पुढे मुंबईत रेल्वेच्या नोकरीत गेला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. मराठी व्यावसायिक क्रिकेटपटूंची यादी करायची तर पहिले नाव त्याचेच लिहावे लागेल. त्या काळी पैसे घेऊन खेळणे हलके मानले जाई आणि जातीने तो कमीपणा दुप्पट होई. नायडूंना ‘कर्नल’ ही पदवी होती, बाळूंना फक्त चेंडू.

आश्रयदात्यांचीही कधी कधी बदली होई. सांगलीच्या विजय हजाऱ्यांना हाताशी धरणारे देवासचे विक्रमसिंह महाराज 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर गेले, तोवर हजारे बडोद्याचे झाले होते. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमदने होळकरांविरुद्ध 577 धावांची भागी केली. आणि महूच्या छावणीत असलेला इंग्रज डेनिस कॉम्प्टन 1944-45 मध्ये होळकरांचा झाला, अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद 249 करून गेला, तरी संघ 374 धावांनी हरला. शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे रुपये देण्याचे कबूल केलेला शेठ ऐन वेळी कलकत्त्याला निघून गेला, असा किस्सा त्याच्या नावावर आहे. व्यावसायिकाने करार तोंडी करू नये, हे त्यालाही इथेच समजले असावे. इंग्लंडच्या लीगमध्ये निदान हा गोंधळ नसे. 1952 मध्ये ज्याच्याशी करार होता त्या हॅसलिंग्डन क्लबाने मोकळे केले तेव्हाच विनू मंकड लॉर्ड्सवर खेळू शकले आणि त्यांनी 72 व 184 केल्या.

संस्थाने गेल्यावर संस्थानिकांची जागा रेल्वेने, बँकांनी आणि कारखान्यांनी घेतली. निंबाळकरांच्या यादीत शेवटी रेल्वे येते ती उगीच नव्हे. त्यांना अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. सतत फिरणाऱ्याची बाजू निवड समितीत मांडायला त्याचे स्वतःचे गाव उरत नाही, असा माझा कयास आहे. तो खोडून काढणारा पुरावा कुणी आणला तर आनंदच होईल. आजच्या काळात याच वाटेने गेलेला मराठी माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित. मुंबईकर पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून 1998-99 चा अंतिम सामना बंगळुरूत हरले. 2022 मध्ये त्याच मैदानावर, प्रशिक्षक म्हणून, त्यांनी मध्य प्रदेशाला मुंबईविरुद्ध जिंकून दिले. त्याआधी इंदूरच्या वाट्याला आलेला शेवटचा रणजी करंडक 1952-53 चा, होळकरांचा होता. मधल्या काळात विदर्भालाही पंडितांनीच दोनदा विजेतेपद मिळवून दिले. फरक इतकाच की त्यांचा करार आज सर्वांसमक्ष होतो.

या अभ्यासाला मोठी साधने लागत नाहीत. जुने धावफलक, संस्थानांच्या नोकरीच्या याद्या आणि थोडी शंकेखोर नजर पुरते. खरी तूट आहे ती घरगुती कागदांची. इंदूर, देवास, बडोदा, कोल्हापूर, नागपूर इथल्या अनेक मराठी घरांच्या माळ्यावर आजोबांचे नेमणुकीचे हुकूम, बदलीची पत्रे, क्लबांच्या धावांच्या वह्या पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. आधी त्यांचे फोटो काढा, कोणता कागद कुणाचा आणि कोणत्या सालचा ते मागे पेन्सिलीने लिहा, आणि मगच जवळच्या ग्रंथालयाच्या हवाली करा.