तनाखची हिब्रू : दुसरी पायरी

पेडणे तालुक्यातील हरमलच्या किनाऱ्यावर अनेक शॅक आणि दुकानांवर हिब्रू पाट्या दिसतात. सैनिकी सेवा संपवून फिरायला निघालेली इस्रायली तरुण मंडळी तेथे मोठ्या संख्येने येतात. अक्षरे शिकलेली आपली मुले त्या पाट्या वाचू पाहतात आणि अडतात, कारण पाट्यांवर स्वरचिन्हे, म्हणजे निक्कूद नसतात. द-ब-र ही तीन अक्षरे ‘दावार’ (शब्द, गोष्ट), ‘देवेर’ (रोगाची साथ) किंवा ‘दिब्बेर’ (तो बोलला) अशी वाचता येतात. कोणते खरे, हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही.

सेफेर तोरातही निक्कूद नसतात. 1948 नंतर आपली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. येथे उरलेल्या अनेक सिनेगॉगांत शब्बाथला मिन्यान जमवणेही कठीण जाते. अशा वेळी सेफेरसमोर उभे राहून समजून वाचणारे पुढच्या पिढीत हवे असतील, तर अक्षरओळखीवर थांबून चालणार नाही.

मराठीतून हिब्रू : जुनी वाट

जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत छापली. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा निघाला आणि 1874 साली पुण्यात आणखी एक. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. आज आपण बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो. पण काही गोष्टी मराठीतून अधिक सोप्या जातात.

मराठी कोठे मदत करते

*लिंग.* ‘तू म्हणालास’ आणि ‘तू म्हणालीस’ हा भेद हिब्रूतही आहे : ‘आमार्ता’ आणि ‘आमार्त’. इंग्रजीत तो पुसला जातो. शीर हशीरीममध्ये कोण कोणाशी बोलत आहे, हे अनेकदा एवढ्यावरूनच कळते.

*सामान्यरूप.* ‘घोडा’चे ‘घोड्याचा’ होते, तसे हिब्रूतही शब्द जोडताना रूप बदलते. फरक एवढाच की मराठीत मालकाचा शब्द बदलतो, हिब्रूत मालकीच्या वस्तूचा. ‘बायित’ म्हणजे घर. जोडताना त्याचे ‘बेत’ होते. ‘बेत कनेसेत’ म्हणजे सभेचे घर, आपले सिनेगॉग.

*कर्म.* ‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिले’ यांत दुसरी मुलगी ठरावीक आहे. हिब्रूतील ‘एत’ हा शब्द असाच ठरावीक कर्मापूर्वी येतो. मात्र तो निर्जीव वस्तूंनाही लागतो.

*धातू.* संस्कृत शिकलेल्यांना धातू नवे नाहीत. म-ल-ख या धातूपासून मेलेख (राजा), मल्का (राणी), मल्खूत (राज्य) होतात.

मराठी कोठे पुरत नाही

‘योमार’ म्हणजे ‘तो म्हणेल’. पण तनाखमधील ‘वय्योमेर’ म्हणजे ‘आणि तो म्हणाला’. वाव जोडून येणारे हे रूप कथनात भूतकाळ दाखवते. आजच्या बोलीत ते वापरत नाहीत. म्हणून हरमलला इस्रायली पाहुण्यांशी गप्पा मारता आल्या, तरी तनाख आपोआप कळत नाही. दुसरी अडचण गळणाऱ्या अक्षरांची. य-र-द (उतरणे) या धातूपासून ‘वय्येरेद’ होते, तेव्हा धातूचा ‘य’ नाहीसा होतो. दिसतो तो ‘तो’ या कर्त्याचा ‘य’. जुने कोश धातूंनुसार लावलेले असल्याने हे ओळखता आले नाही, तर शब्द सापडतच नाही.

कोठून सुरुवात करावी

योम किप्पूरला, म्हणजे दारफाळणीच्या सणाला, दुपारी वाचला जाणारा योना घ्यावा. अध्याय 4, पासूक 48. रोज दोन घेतले तर 24 दिवस. दुसरा अध्याय काव्यात आहे, तो शेवटी ठेवला तरी चालेल. त्यानंतर शावूओतचा रूथ : अध्याय 4, पासूक 85.

1. पासूक निक्कूदसह मोठ्याने वाचावा.
2. ‘अत्नाह’ हे चिन्ह शोधून त्याचे दोन भाग करावेत. बहुधा तेथे अर्थही थांबतो.
3. पुढे-मागे जोडलेली अक्षरे सोडवून धातू काढावा.
4. आधी स्वतःचे मराठी लिहावे, छापील भाषांतर नंतर पाहावे.
5. शेवटी निक्कूद नसलेल्या प्रतीतून वाचावे.

या कष्टाचे फळ योनातच मिळते. आपण मराठीत जहाजात ‘चढतो’; हिब्रूत योना ‘उतरतो’. याफोला उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो आणि दुसऱ्या अध्यायात समुद्राच्या तळाशी. चारही ठिकाणी धातू एकच, य-र-द. देवापासून पळणारा माणूस पायरीपायरीने खाली जातो, हे भाषांतरात सहज निसटते. ते स्वतः वाचून एकदा सापडले, की पुढच्या दारफाळणीला योना ऐकताना आपण नुसते उभे राहत नाही, ऐकतो.